‘तुमचं अनुदान मंजूर झालंय’ असं सरकारी लेटर पोस्टाने आलंय? आधी पाकीट जपून ठेवा

व्हॉट्सॲपवरची फसवणूक आता शेंबडं पोरही ओळखतं, पण पोस्टाने आलेल्या कागदाचं काय करायचं ते कोणी सांगत नाही. वर अशोकस्तंभ, खाली गोल निळा शिक्का, हिरव्या शाईतली सही आणि मथळ्यात ‘प्रधानमंत्री’ नाहीतर ‘महाराष्ट्र शासन’, एवढं दिसलं की घरातल्या ज्येष्ठांचा विश्वास बसतोच. पोस्टमन घरी येऊन देऊन गेलाय म्हणजे खरंच असणार ना! पण पोस्टमन फक्त पाकीट पोचवतो, आत काय आहे याची गॅरंटी पोस्ट देत नाही.

शुद्धलेखनाच्या चुका बघा म्हणजे खोटं लेटर कळेल, असा सल्ला सगळीकडे असतो. मला तो आपल्याकडे अजिबात पटत नाही. खऱ्या तहसील ऑफिसातनं आलेलं पत्र कधी बघितलंय का, झेरॉक्सची झेरॉक्स, शिक्का तिरका, नावात काना-मात्रा गायब, तारीख पेनाने खोडून परत लिहिलेली. उलट खोटं लेटरच गुळगुळीत कागदावर, रंगीत, तिरंग्याच्या पट्ट्यासकट आणि क्यूआर कोडसकट येतं. त्यामुळे कागद दिसतो कसा यात वेळ घालवू नका. तो आला कुठनं आणि तुमच्याकडनं मागतोय काय, या दोनच गोष्टी बघायच्या.

पहिलं काम: पाकीट

बहुतेक लोक लेटर ठेवतात आणि पाकीट फाडून कचऱ्यात टाकतात, आणि नेमका पुरावा तिथेच जातो. फोनवरचा चोर नंबर बदलून मोकळा होतो, पण पोस्टाने पाठवणाऱ्याला कुठल्यातरी पोस्टात जावं लागतं किंवा कुठल्यातरी पेटीत पाकीट टाकावं लागतं, आणि त्याची खूण पाकिटावर राहते.

पाकीट स्पीड पोस्टाचं असेल तर बारकोडखाली १३ अक्षरी नंबर असतो: सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी ‘आयएन’. तो इंडिया पोस्टच्या साइटवर टाकला की कुठल्या पोस्टात, कुठल्या तारखेला, किती वाजता बुक झालं ते दिसतं. ही ट्रॅकिंगची माहिती कायम राहत नाही, म्हणून लगेच स्क्रीनशॉट काढून ठेवा. (रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं.)

साध्या पाकिटावर तिकीट असेल तर तिकिटावरचा काळा शिक्का उजेडात धरून वाचा, त्यात पोस्टाचं नाव, तारीख आणि बऱ्याचदा पिन कोड असतो. तिकिटाऐवजी फ्रँकिंगचा छाप असेल तर अजून बरं, कारण त्यात मशीनचा नंबर असतो आणि तो कोणाच्या नावावर आहे हे पोस्टाला माहीत असतं. पिनचे पहिले दोन आकडे लक्षात ठेवले तरी भागतं: महाराष्ट्र ४० ते ४४, दिल्ली ११, पश्चिम बंगाल ७० ते ७४, बिहार-झारखंड ८० ते ८५.

आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या काकूंना, कोथरूडात, असंच एक लेटर आलं होतं. ज्येष्ठ नागरिकांसाठी कसलंसं सन्मान अनुदान, ८५ हजार मंजूर, ‘फाइल चार्ज’ २,४५० रुपये, मुदत ७२ तास. मथळ्यात मंत्रालय, मुंबई ४०००३२, आणि पाकिटावरच्या शिक्क्यातला पिन ७ ने सुरू होणारा. त्यात जावक क्रमांकाशेजारची तारीख कॅलेंडरमध्ये बघितली तर रविवार निघाला. मंत्रालयातनं रविवारी पत्र जावक होतंय म्हणजे सरकार फारच कामाला लागलंय म्हणायचं! काकूंनी पैसे भरले नाहीत, पण नंबरवर फोन मात्र करून झाला होता, त्यामुळे पुढचे आठ दिवस ‘मॅडम फाइल बंद होतेय’ म्हणून रोज फोन.

तर आता करायचं असं: लेटर आणि पाकीट दोन्हीचे पुढून-मागून फोटो काढा, मग दोन्ही एका पारदर्शक प्लास्टिक फोल्डरमध्ये ठेवा, स्टेपल मारू नका, मूळ कागदावर काही लिहू नका. कधी आलं, कोणी घेतलं, पोस्टमनने हातात दिलं की वॉचमनकडे ठेवलं हे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्यातच टाका.

दुसरं: लेटर काय मागतंय

तुम्ही या योजनेसाठी अर्ज केला होता का? नसेल तर जवळजवळ निकाल लागलाच. अनुदान आपणहून तुमचं घर शोधत येत नाही, अर्ज, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, तलाठ्याकडच्या चकरा, हे सगळं झाल्यावरसुद्धा येईल याचा नेम नसतो.

मग पैशाची मागणी बघा. प्रोसेसिंग फी, फाइल चार्ज, जीएसटी, टीडीएस, ‘रिफंडेबल डिपॉझिट’, नावं काहीही असोत. योजनांचे पैसे आता डीबीटीने आधार जोडलेल्या बँक खात्यात थेट येतात, त्यात आधी तुम्ही भरा मग आम्ही देऊ असं कुठे बसतच नाही. आणि क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत, पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पोस्टमन पाकीट देताना पैसे मागत असेल तर ते बहुतेक व्हीपी किंवा कॅश ऑन डिलिव्हरी आहे, योजनेचं मंजुरीपत्र तसं येत नाही, सरळ ‘घेण्यास नकार’ सांगा. तो त्याचा रोजचा भाग आहे, त्याला वाईट वाटणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे उत्तर कुठे द्यायचंय. दहा आकडी मोबाईल, जीमेलचा पत्ता, व्हॉट्सॲपवर आधार-पासबुक पाठवा, ॲप डाउनलोड करा असं असलं तर पुढे जाऊ नका. वेबसाइट दिलेली असेल तर पत्ता उजवीकडनं वाचायचा, म्हणजे पहिली तिरकी रेघ येते त्याच्या लगेच आधी ‘डॉट गव्ह डॉट इन’ (.gov.in) किंवा ‘डॉट निक डॉट इन’ (.nic.in) हवं. ‘गव्ह’च्या आधी डॉटऐवजी डॅश असेल, किंवा ‘गव्ह डॉट इन’च्या पुढे अजून डॉट कॉम, डॉट ऑनलाइन असं शेपूट असेल, तर ती साइट सरकारी नाही. एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून येणारं ॲप) तर चुकूनही इन्स्टॉल करू नका. पीएम-किसानच्या नावाने अशा फाइल खूप फिरल्या, एकदा परवानगी दिली की तुमचे ओटीपीचे मेसेज समोरचा वाचतो.

हे नमुने वारंवार येतात

‘बेटी बचाओ बेटी पढाओ’चा फॉर्म हा जुना खेळ. ८ ते ३२ वयाच्या मुलींना २ लाख मिळणार, फॉर्म भरून दिल्लीला महिला व बालविकास मंत्रालयाला पोस्टाने पाठवा, असे फॉर्म गठ्ठ्याने विकले गेले. या योजनेत असं रोख वाटप नाहीच, हे मंत्रालयाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. यात कोणी थेट पैसे मागत नाही म्हणून लोक बिनधास्त भरतात, आणि मुलीचा आधार नंबर, बँक खातं, सही, फोटो सगळं परक्याच्या हातात जातं.

पेन्शनरांना ऑक्टोबर-नोव्हेंबरात ‘हयातीचा दाखला दिला नाही, पेन्शन बंद होणार’ असं येतं. हे धोक्याचं आहे कारण यातलं अर्धं खरं असतं, केंद्र सरकारच्या पेन्शनरांना नोव्हेंबरात दाखला द्यावा लागतोच (८० च्या वर वय असेल तर १ ऑक्टोबरपासून). पण तो बँकेत, पोस्टात, जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून, किंवा पोस्टमनला घरी बोलावून द्यायचा असतो, लेटरमधल्या लिंकवर नाही. ईपीएस-९५ वाल्यांना, म्हणजे पीएफची पेन्शन घेणाऱ्यांना, तर नोव्हेंबरचं बंधनच नाही, ते वर्षात कधीही देतात आणि तिथून पुढे एक वर्ष तो चालतो.

लाडकी बहीणच्या ई-केवायसीचं पण तसंच, ती सरकारी साइटवर फुकट होते. ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही फुकट. मुळशी-हवेलीकडे जमीन किंवा शहरात गच्ची असलेल्यांना मोबाईल टॉवरचं लेटर येतं, ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नावाने ‘एनओसी’ जोडलेली असते आणि महिन्याला मोठं भाडं लिहिलेलं असतं. ट्राय अशी एनओसी देतच नाही, एवढं माहीत असलं की पुरे.

पण पैसे मागणारं प्रत्येक सरकारी पत्र खोटं नसतं

हे सहसा कोणी लिहीत नाही म्हणून मी मुद्दाम लिहितोय. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर ज्यांनी वाढीव ईपीएस पेन्शनसाठी अर्ज केले, त्यातल्या अनेकांना ईपीएफओकडनं (पीएफ कार्यालयाकडनं) फरक भरा अशी डिमांड लेटर्स खरोखर आली, आणि रकमा लाखांत होत्या. पीएम-किसानचे हप्ते घेतलेल्या अपात्र लोकांना, म्हणजे इन्कम टॅक्स भरणारे वगैरे, वसुलीची पत्रंही खरीच आली. अशी पत्रं फ्रॉड समजून फेकून दिली तर नुकसान तुमचंच.

मग फरक कसा करायचा? एकतर अशा पत्रामागे तुमचा स्वतःचा अर्ज किंवा तुम्ही घेतलेला लाभ असतो, हवेतून काही येत नाही. दुसरं म्हणजे सरकारी पैसा सरकारी वाटेनेच जातो: राज्याचा ग्रास पोर्टलच्या चलनाने, केंद्राचा भारतकोशवर किंवा त्या खात्याच्याच पोर्टलवर. पैसे भरताना स्क्रीनवर एखाद्या माणसाचं नाव दिसलं तर तिथेच थांबा. आणि इन्कम टॅक्सचं पत्र असेल तर त्यावर डीआयएन (पत्राचा ओळख क्रमांक) हवा, १ ऑक्टोबर २०१९ पासून तो बंधनकारक आहे आणि इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो.

खात्री कशी करायची

लेटरमधल्या नंबरवर फोन करून ‘हे खरं आहे का’ विचारू नका. तो हो म्हणणारच! नंबर आपण स्वतः शोधायचा, आणि पुण्यात राहतोय तर प्रत्यक्ष जाणं पण फार अवघड नाही.

संजय गांधी निराधार, श्रावणबाळ या योजनांचं काम तहसीलदारांच्या संजय गांधी योजना शाखेत चालतं. पीएफ-पेन्शनचं असेल तर कॅम्पात गोळीबार मैदानाजवळ ईपीएफओचं ऑफिस आहे. पीएम-किसानची हेल्पलाइन १५५२६१, आधारची १९४७. जाताना मूळ लेटर देऊन टाकू नका, झेरॉक्स दाखवा, आणि ‘या जावक क्रमांकाचं पत्र तुमच्याकडनं गेलंय का’ एवढंच विचारा. जावक रजिस्टर प्रत्येक ऑफिसात असतं, क्लार्क वैतागला तरी दोन मिनिटांत सांगू शकतो.

लेटरमध्ये महाराष्ट्राच्या शासन निर्णयाचा संदर्भ दिला असेल तर ते तपासणं सगळ्यात सोपं. खऱ्या जीआरच्या शेवटी ‘सदर शासन निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक...’ अशा अर्थाची ओळ आणि लांबलचक आकडा असतो. महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या साइटवर विभाग आणि तारीख टाकून शोधा. सापडला तर उघडून वाचा सुद्धा, कारण खऱ्या जीआरचा नंबर खोट्या पत्राला चिकटवलेला असू शकतो, नंबर खरा आणि आतला विषय भलताच.

केंद्राच्या योजनेचं असेल तर पीआयबी फॅक्ट चेकला (केंद्राबद्दलच्या खोट्या बातम्या तपासणाऱ्या सरकारी विभागाला) लेटरचा फोटो व्हॉट्सॲप करा, नंबर ८७९९७११२५९. राज्याच्या योजनांचं ते बघत नाहीत. फोटो पाठवताना स्वतःचा आधार, खाते नंबर झाका.

पैसे गेले नाहीत, तरी तक्रार करा

आपलं काय गेलंय, कशाला पोलिसांच्या नादी लागा, असं म्हणून नव्वद टक्के लोक सोडून देतात, असं आपलं मला वाटतं. पण त्याच पोस्टातनं त्याच दिवशी असा गठ्ठा निघालेला असतो, आणि पुढच्या गल्लीत कोणीतरी भरतंच.

फोन नंबर दिलेला असेल आणि त्यावरनं तुम्हाला कॉल किंवा मेसेज आला असेल तर संचार साथी साइटवर ‘चक्षू’ मध्ये टाका, दूरसंचार विभाग तो नंबर तपासतो. वेबसाइट, यूपीआय आयडी, खाते नंबर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर संशयित म्हणून नोंदवता येतो. आणि जवळच्या पोलीस स्टेशनला एक साधा लेखी अर्ज, असा:

प्रति,
मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक,
(तुमचं) पोलीस स्टेशन, पुणे.
विषय: शासकीय योजनेच्या नावे पोस्टाने आलेल्या बनावट पत्राबाबत.
महोदय, मला दि. ... रोजी वरील पत्त्यावर स्पीड पोस्ट / साध्या टपालाने सोबत जोडलेलं पत्र मिळालं. पाकिटावरील क्रमांक / पोस्टाचा शिक्का ... असा आहे. पत्रात ... या योजनेसाठी रु. ... भरण्यास सांगितलं असून मोबाईल क्र. ..., खाते / यूपीआय ... दिलेलं आहे. मी अशा योजनेसाठी कधीही अर्ज केलेला नाही. ... या कार्यालयात चौकशी केली असता हे पत्र त्यांचं नसल्याचं समजलं. कृपया चौकशी व्हावी.
सोबत: पत्र व पाकिटाची छायाप्रत. मूळ प्रती माझ्याकडे असून मागितल्यावर सादर करीन.

दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का-सही घेऊन पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका. चिंचवड-निगडीकडच्यांनी लक्षात ठेवा, तुमचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे, पुणे शहराच्या आयुक्तालयाला अर्ज देऊन फिरत बसू नका.

पोस्टाला पण कळवा. बुकिंग किंवा फ्रँकिंगचा पत्ता लागला असेल तर लक्ष्मी रोडच्या सिटी पोस्टात किंवा जीपीओत पोस्टमास्तरांच्या नावे तसाच अर्ज द्या. पाठवणाऱ्याचं नाव तुम्हाला ते सांगणार नाहीत, पण पोलिसांनी मागितलं तर रेकॉर्ड द्यावं लागतं आणि तुमच्या अर्जामुळे कुठलं पाकीट शोधायचं ते त्यांना आधीच माहीत असतं.

पैसे गेले असतील तर

इथे अर्ज-बिर्ज नंतर. आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. हाताशी ठेवा: कुठल्या बँकेतनं गेले, रक्कम, तारीख-वेळ, यूटीआर किंवा ट्रान्झॅक्शन आयडी, समोरचा खाते नंबर किंवा यूपीआय. पैसे पुढच्या खात्यात पडून असतील तोवर ते गोठवता येतात, चोर ते तासाभरात तीन-चार खात्यांत फिरवून एटीएममधनं काढतात, म्हणून मुलगा ऑफिसातनं आल्यावर बघू असं करू नका. लाइन बिझी लागली तर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तक्रार टाका, आणि दोन्हीपैकी कुठेही मिळालेला तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

त्याच वेळी घरातल्या दुसऱ्याने बँकेला कळवायचं, आणि फोनवर बोलून झालं तरी ईमेल करायचाच. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तुम्ही स्वतः ओटीपी-पिन दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर होणारं बँकेचं. म्हणजे कळवल्याची वेळ लेखी असली पाहिजे. मग पोलीस स्टेशन, नाहीतर शिवाजीनगरला सायबर पोलीस. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर आता चालत नाही, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये झिरो एफआयआरची सोय आहे. कलमं विचारलीच तर जुनं ४२० आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, तोतयेगिरीला ३१९, आणि ऑनलाइन भाग असेल तर आयटी ॲक्टचं ६६ डी. पण कलम लावणं त्यांचं काम आहे, तुम्ही फक्त घडलं ते तारीखवार सांगा.

पैसे नाही पण आधार, पासबुक, सही दिली असेल तर आधार ॲपवरनं बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे अंगठ्याच्या ठशावर पैसे काढता येणार नाहीत, आणि आधार कुठे वापरलं गेलं त्याची हिस्टरी तिथेच बघा. तुमच्या नावावर किती सिम आहेत ते संचार साथीवर दिसतं. दोन-तीन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा फुकट मिळतो, न घेतलेलं कर्ज असेल तर तिथे कळेल. घरात एकटे राहणारे ज्येष्ठ असतील आणि हे सगळं त्यांना झेपत नसेल तर एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनचा १४५६७ नंबर त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.

आणि एक, महिना-दोन महिन्यांनी परत फोन किंवा लेटर येतं, या वेळी ‘सायबर सेल’ किंवा ‘रिकव्हरी विभाग’ या नावाने: तुमचे गेलेले पैसे सापडलेत, सोडवायला थोडी फी भरा. ज्यांनी एकदा भरले त्यांची यादी विकली जाते, म्हणून हे नेमकं त्यांनाच येतं. पोलीस गोठवलेले पैसे परत द्यायला फी घेत नाहीत. ते नवीन लेटर पाकिटासकट त्याच फोल्डरमध्ये टाका आणि जुना तक्रार क्रमांक सांगून तपास अधिकाऱ्याला द्या.